रुद्रप्पाच्या गाठी

प्रिय अरिबा,

रविवारी तू फोनवर विचारलंस, प्रबंधाच्या सुरुवातीला आपल्या मागाच्या कारखान्यातला सुताचा बीम वाया गेल्याचा प्रसंग लिहू का. मी नाही म्हटलं आणि फोन ठेवून दिला. तेव्हापासून तुझी अम्मी माझ्याशी धड बोलत नाही. जे सांगायचंय ते फोनवर मला जमणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी कौतुक. तू समजावलेलं सगळं मी कारखान्यात चहाच्या वेळी सांगितलं. धाग्याच्या आत डोळ्यांना न दिसणाऱ्या साखळ्या असतात. कापसाच्या लांब, लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या व्हिस्कोसच्या आखूड. पाणी शिरलं की आखूड साखळ्या एकमेकींवरून घसरतात. पण तंतू तयार होतानाच, मऊ असताना, त्याला नीट ताण दिला तर त्या सरळ होऊन शेजारी-शेजारी बसतात, आणि लांब असतील तर धरूनही ठेवतात. शेजारच्या मागावरचा नईम म्हणाला, चाचाच डॉक्टर झाले. मी म्हटलं, पोरगी होतेय, मी फुकटात मिरवतोय. पस्तीस वर्षं सूत हाताळलं, पण त्याच्या पोटात काय आहे ते माझ्या लेकीने बघितलं. छाती फुगते गं.

आता तो प्रसंग. तू पाचवीत होतीस. मालकांनी पहिल्यांदाच व्हिस्कोसचे उभे धागे गुंडाळलेला बीम आणला. आमच्याकडे गाठी मारायला असलेल्या रुद्रप्पाने दोन दिवस बसून त्याचे हजारो धागे एकेक गाठ मारून मागावर जोडले. उन्हाळा होता. कापसाचं सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून आम्ही पाणी शिंपडायचो, ओलं सूत जास्त ताण सोसतं. त्याच सवयीने मी त्या बीमवरही पाणी मारलं. माग सुरू केला आणि धागे पटापट तुटू लागले. तुला मी एवढंच सांगत आलो.

पुढचं ऐक. मालक ओरडत आले आणि म्हणाले, गाठी कच्च्या मारल्यात. मी तिथेच उभा होतो. पाण्याचं बोललो नाही. मलाही तेव्हा कारण कळलं नव्हतं, पण शंका होती. रुद्रप्पाला काढून टाकलं. त्याच्या गाठींची बदनामी झाली आणि सोलापुरात त्याला कुणी बीम जोडायला देईना. तो अक्कलकोटला निघून गेला.

काल मी एसटीने त्याच्याकडे जाऊन आलो. सगळं सांगितलं, ओलं झाल्यावर व्हिस्कोसची ताकद किती घटते ते तुझे आकडेही सांगितले. त्याने आपली बोटं पुढे धरून बघितली. मग म्हणाला, "गाठ सुटली न्हवती, हे मला तवाच ठाव होतं की. पर माज्याबिगर कुणी मानत न्हवतं." मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याने जेवायला वाढलं.

तेव्हा बेटा, लिही. पाणी माझ्या अब्बाने, बडेसाबने मारलं आणि गप्पही तोच राहिला, असं नावानिशी लिही. रुद्रप्पाच्या गाठी पक्क्या होत्या हेही लिही, त्याचं पूर्ण नाव घालून. आणि प्रबंध छापून झाला की पहिली प्रत अक्कलकोटला पाठव. मला नंतर दिलीस तरी चालेल.

तुझाच,
अब्बा