सैल झाकणं

अहो,

फरशी पुसली आहे, तरी चपला घालूनच फिरा. काच कुठे कोपऱ्यात राहिली असेल. सकाळी साखरेची बरणी झाकणाला धरून उचलली आणि नेहमीसारखं झाकण तेवढं हातात राहिलं. दातओठ खात घरातलं एकूण एक झाकण आवळून टाकलं.

दुपारी बघते तर आई गोळ्यांची बाटली मांडीवर घेऊन बसलेल्या. उघडत नव्हती आणि मला हाक मारायची नव्हती. मग त्यांनी सांगितलं, बोटांत जोर उरला नाही म्हणून तुम्ही झाकणं सैल ठेवता. "सुनेला कळू देऊ नकोस," अशी शपथच घातली होती म्हणे तुम्हाला.

सहा वर्षं मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालतेय. आता मला कळलंय हे तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ मलाही घातली आहे, तेव्हा ही चिठ्ठी वाचून फाडून टाका.

गोळी दिली आहे. झाकणं सगळी पुन्हा सैल केली आहेत. मी शिवणाच्या दुकानात जातेय, उशीर झालाय. राग काही गेलेला नाही. तुमच्यावर काढायची तेवढी एक सोय होती, तीही राहिली नाही.