बिटाचा लाल रंग

मंगळवार, दिवेलागणीनंतर
महाळुंगे पडवळ

सकाळी आई गोठ्यातून म्हणाली, "चांदणीचं मूत लाल दिसतंय रं, जरा बघ." मी मोबाइलमधून मान वर केली नाही. "बीट खाल्लं असंल तिनं," म्हणालो. आमच्याकडं बीट निघालं की बारकं-फुटकं गाईलाच जातं, मग मूत लाल होतंच. पण...

संध्याकाळी गाय वैरणीला तोंड लावेना. अंग तापलेलं. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन तिची पापणी ओढली, आत पांढरीफटक. कानामागून टम्म फुगलेली गोचीड काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "गोचीड ताप. गोचिडीनं रक्तात जंतू सोडलेत, तेच रक्त लघवीतून चाललंय. लाल कधीपासून होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "सकाळपासून व्हतं. माझ्याच ध्यानात नाय आलं, डॉक्टर."

का म्हणाली असेल तसं? इंजेक्शन दिलंय. उशीर झालाय, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले.

आणि बीट कुठलं? बिटाच्या शेवटच्या गोण्या मीच गेल्या आठवड्यात पिकअपमध्ये चढवल्या. त्यानंतर घरात बिटाचं पानसुद्धा नव्हतं. हे मला सकाळीही ठाऊक होतं. तरी बीटच म्हणालो, कारण बीट म्हटलं की उठावं लागत नाही.

आई अजून गोठ्यातच बसलीय. आत्ताच हाक मारली, "आता मुतली रं. अंधारात रंग कळंना, जरा बघ."

बॅटरी घेतलीय. उठतो.