हॉपरमधली हाक

१२ जानेवारी
पांढरकवड्याच्या प्रकल्पावर आज रुजू झाले. कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा भट्टीत वायू करायचा, त्यातून हायड्रोजन वेगळा काढायचा. नाशिकला पुस्तकात वाचलेलं इथे डोळ्यांसमोर चालतं! ऑपरेटर भीमसिंगभाऊ जवळच्या तांड्यावरचे. त्यांच्या बायकोनं, बिजलीबाईंनी, भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी पाठवली. दोनदा वाढून घेतली.

१५ जानेवारी
हॉपर म्हणजे भट्टीवरची उंच लोखंडी टाकी. पऱ्हाटीचे तुकडे त्यातून खाली जातात. मध्येच अडकले तर वरून सळईनं ढोसायचं, आत कधीच उतरायचं नाही. तिथल्या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. मागल्या वर्षी इथला कामगार घनश्याम उतरला आणि कोसळला. त्याला काढायला त्याच्याबरोबरचे बाबाराव उतरले. दोघंही गेले. भाऊ हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

२१ जानेवारी
दुपारी हॉपरचं झाकण उघडलं तर आतून कुणीतरी म्हणालं, "हात द्या." टॉर्च मारला. नुसती पऱ्हाटी.
भाऊ म्हणाले, "मले बी आयकू येते. बाबाराव व्हय तो. तवा मी वरतंच होतो, मॅडम. उतरलो नाही."

२४ जानेवारी
झाकणाला कुलूप घातलं. प्रकल्प थांबवा म्हणून वरिष्ठांना कळवलं. चालू ठेवा म्हणाले. हाक कुलपाआडूनही येते. भाऊ डबा उघडत नाहीत.

२७ जानेवारी
भाऊ गेले. कुलूप त्यांनीच तोडलं. मी पाय धरला होता — बूट माझ्या हातात राहिला. दोरानं वर ओढलं तोवर —

२९ जानेवारी
काल तांड्यावर अग्नी दिला. आज भट्टी विझवली. तरी हाक येते. आता भाऊंच्या आवाजात.
बिजलीबाई आल्या. त्यांनाही ऐकू येतं. माह्या माणसाला आत कायले ठेवलं, विचारतात. त्यांना ऑफिसात बसवून दाराला कडी लावली. पोलिसांना फोन केला. अर्धा तास लागेल.

पाणी आणायला उठले. परत आले तर खिडकी उघडी. खुर्ची रिकामी —

हॉपरमधून बिजलीबाईंचा आवाज. "मॅडम, मी जित्ती हाव."

खोटं असेल. खरं असलं तर? अर्धा तास टिकणार नाहीत त्या. मास्क नाही. श्वास रोखून आतल्या शिडीच्या चारच पायऱ्या, दोर कमरेला बांधून — वही इथे झाकणापाशी ठेवते. त्या खोकतायत. मेलेलं माणूस खोकत ना