मोहाचचे मुखवटे

बुडापेस्ट, रविवार

प्रिय मारिनदादा,

देवाची कृपा तुझ्या घरावर असो. मी बरी आहे, डोळे तेवढे लवकर थकतात. एवित्सावहिनीचा खोकला कमी झाला का?

परवा फोनवर तू म्हणालास, "चार बुकं लिहिलीस, आता बाबांनाच खोटं पाड," आणि फोन ठेवलास. आपल्या लोकांनी लाकडी मुखवटे घालून तुर्कांना पळवलं, ही बाबांची गोष्ट माझ्या मोहाचच्या लढाईच्या पुस्तकात नाही, म्हणून. प्रकाशकही तेच मागतोय. "बाई, पोरांना हरलेली लढाई नको. शेवटी तुर्क पळू देत की."

लिहूनच टाकणार होते, दादा. फार दमलेय. पण इथल्या शाळेत ती गोष्ट सांगितली, तर एक मुलगी म्हणाली, "तुर्क पळाले, मग दीडशे वर्षं राहिलं कोण?" सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

म्हणून लढाई हरलो, असंच लिहिलंय. त्यापुढे एक पान जोडलंय. मोहाचला एक सुतार अजून वाळुंजाच्या लाकडाचे मुखवटे कोरतो, त्यांना मेंढीचं कातडं लावतो आणि गल्लीतल्या पोरांना सांगतो, की आपण जिंकलो होतो. त्याची बहीण हे बाबांच्या मांडीवर बसून ऐकायची. तिला इतिहास ठाऊक आहे, तरी त्या कातड्याचा वास आला की तिला ते खरं वाटतं.

त्या पानात तुझं नाव घालायचं आहे. तू हो म्हटल्याशिवाय घालणार नाही. गुरुवारी फोन करीन, तेवढा उचल.

दमलेली, पण तुझीच,
यान्या