वायरवाला रिमोट

ब्रह्मपुरी, गुरुवार, दिवेलागणीला

भुवईवर टाके पडले. डोळा उघडत नाई, तरी लिहून राह्यलो. नाईतर उठून दादाचा गळा दाबीन.

आणि भांडण कशाचं? आमच्या गेमच्या दुकानात रविवारी स्पर्धा आहे. एका गटात सहाव्या पिढीपर्यंतचे जुने कन्सोल, म्हंजे टीव्हीले जोडून गेम खेळायचे डबे, दुसऱ्यात सातवीपासूनचे. दादानं त्याचा लाडका काळा डबा सातवीत टाकला.

मी म्हटलं, "दादा, हा सहावीचा आहे."

"आपल्या गावात कवा आला? बाहेर सातवी सुरू झाल्यावर. मंग सातवीचाच!"

"कोणते कन्सोल बाजारात एकमेकांसमोर उतरले, त्यावरून पिढी ठरते. आपल्या गावावरून नाई."

"काऊन? आपण माणसं नाई का?"

"मंग गावात पेपर उशिरा आला, तर स्वातंत्र्य बी उशिरा मिळालं का?"

गिऱ्हाईकं हसली. तेच त्याले झोंबलं. त्यानं त्या डब्याचा रिमोट उपसला, वायर मुठीत धरली, आणि धानावरची पाखरं हाकलतात तशी गोफण फिरवून माझ्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. टीव्हीवर रक्ताचे शिंतोडे. मी लाथ घालणार, तेवढ्यात दुसरा फटका.

आईले खोटंच सांगितलं, दुकानाचं शटर तोंडाले लागलं.

तो रिमोट अजून डोळ्यापुढं गरगरते. सातवीचा असता तर बिनवायरचा असता. एकदा फेकला की गेला, फक्त ओठावर भागलं असतं. वायर होती म्हणून तो परत त्याच्या हातात गेला, आणि भुवई फुटली.

सहावीचाच आहे, दादा.