चार भोकांचं ऑपरेशन

प्रिय रुपचंद,

आधी मुख्य बातमी: मी मरत नाही. तपासणीचा रिपोर्ट काल आला. मोठ्या आतड्यातली गाठ पूर्ण निघाली आणि आजूबाजूला कुठे पसरलेलं नाही. आज सकाळी मऊ भात खाल्ला, गच्चीपर्यंत चढून गेलो, आणि शेजारच्या डाळमिलची धूळ नाकात गेल्यावर चक्क शिंकलो. पोटाला हात लावून शिंकलो, पण शिंकलो. हे फोनवर सांगितलं असतं, पण तू स्पीकर लावून बोलतोस आणि पारोळ्याचा अर्धा बाजार ऐकतो. म्हणून कागद.

तुम्ही सगळे दवाखान्यात मला निरोप द्यायला आला होतात, हे मला मागाहून कळलं. घोळ आमच्या आबांनी घातला. ऑपरेशन संपल्यावर डॉक्टरांनी ललितला आत बोलावून कापलेलं आतडं ट्रेमध्ये दाखवलं. घरच्या एकाला दाखवायची त्यांची पद्धतच आहे. आमचे चिरंजीव ते पाहून पांढरे पडले आणि बाहेर येऊन डोकं धरून बसले. आबा चरकले. मग त्यांनी माझं पोट पाहिलं. चार लहान पट्ट्या आणि बेंबीखाली एक जरा मोठी, बस. आमच्या काकांचं हेच ऑपरेशन धुळ्याला झालं होतं, तेव्हा वरपासून खालपर्यंत टाके होते. काका पाहुण्यांना सदरा वर करून दाखवायचे. त्या हिशेबाने माझं पोट म्हणजे काहीच नाही. आबांनी लगेच भडगावला फोन लावला, "डॉक्टरनी काही काढं नही. नुसतं दखी लिधं नि शिवी टाकं. जीवराम आते थोडा दिनना शे."

मग काय, मी थोड्याच दिवसांचा सोबती म्हणून रीघ लागली. ज्यांच्याशी बोलणं बंद होतं तेही आले. जाणाऱ्याची इच्छा राहू नये म्हणून कुणी भरीत आणलं, कुणी वरण-बट्टी, आणि मी चमच्याने नारळपाणी पितोय. सगळे इतकं गोड बोलत होते की मलाच संशय आला. आमच्या सौ. कमलने उशी सारखी करताना डोळे पुसले, तेव्हा मी खचलो. मनातल्या मनात सगळ्या भाऊबंदांना माफ करून टाकलं. आता ते परत कसं घ्यायचं, हा प्रश्न आहे.

तू गेल्यावर डॉक्टर राउंडला आले आणि डब्यांची रांग पाहून चक्रावले. त्यांनी आबांना बसवून समजावलं. पोट उघडून करा की भोकांतून दुर्बीण घालून करा, आतलं काम तेच, आतडंही तेवढंच काढायचं. माझं त्या बेंबीखालच्या पट्टीमागच्या चिरेतूनच बाहेर काढलं होतं. चीर लहान, म्हणून दुखणं कमी आणि माणूस लवकर उठतो. काकांचं आतडं बंद पडलं होतं, ते डॉक्टरांकडे फार उशिरा गेले होते. तसं असेल तर आजही पोट उघडावं लागतं, असं ते म्हणाले. चोर दारातून शिरला काय नि खिडकीतून शिरला काय, ऐवज तेवढाच जातो, हे आबांना पटलं. त्यांनी हात जोडले आणि बाकावर बसून सगळं भरीत एकट्याने संपवलं.

आता तुझं. त्या गर्दीत तू माझ्या कानाशी वाकून म्हणालास, "मालेबी दिवाळीपाईन रगत पडस. घरमा मूळव्याध सांगस. मीबी तुन्या मांगेच येस." जाणाऱ्याच्या कानात घातलं की ते त्याच्याबरोबर जाईल, असा तुझा हिशेब. पण मी राहिलो, आणि तुझं रक्त पडण्याचं गुपितही माझ्यापाशी राहिलं. रिपोर्ट हातात आल्यावरसुद्धा मला तुझीच काळजी लागली होती. मंगळवारी याच डॉक्टरांकडे तुझा नंबर लावला आहे. ललित गाडी घेऊन येईल. मूळव्याधच निघाली तर पेढे माझ्याकडून. दुसरं काही निघालं, तर निदान काकांसारखा उशीर व्हायला नको. वहिनींना मी अजून काही सांगितलेलं नाही. मंगळवारी गाडी रिकामी परत आली, तर सांगेन.

तुझाच, अजून इथेच असलेला,
जीवराम