नावाचं कलम आणि शुक्रवारचा कुसकुस

रबात, शनिवार

इत्तोताई,

सलाम. मी ठणठणीत आहे, रोज तळलेले मासे खातो. समुद्र पाहिला. बघतच बसावंसं वाटतं, पण ते राहू दे.

तुझ्या तिलेलीचं नाव अरबी नाही, आपल्या भाषेतलं आहे म्हणून कारकुनाने नोंदवलं नाही ना, तेच घेऊन मी आपल्या खासदाराकडे, हद्दूकाकांकडे आलो. नव्या राज्यघटनेने आपली भाषा सरकारी केली, पण ती चालवायचा कायदा या लोकांनी करायचा आहे. काल समितीत नावांचंच कलम होतं. मी उघड्या दाराशी उभा होतो. कलम वाचायला घेतलं आणि आपले काका उठले, "अध्यक्षमहाराज, शुक्रवार आहे, कुसकुस गार होतोय!" सगळे हसत जेवायला गेले. कलम गेलं पुढच्या अधिवेशनात. मतं मागताना हाच माणूस आपल्या अंगणात आपल्याच भाषेत रडला होता!

मी त्यांना जिन्यात गाठलं.

"अरे बास्सू, तोवर फातिमा लिहा. काय बिघडतं?"

"मग काका, तुमचंही नाव आपल्याच भाषेतलं, तुम्हीही बदला की."

"वेडा का तू? माझं नाव मतपत्रिकेवर असतं!"

असली ही माणसं. ढेकर देऊन कायदे करणारी.

आईचा खोकला कसा आहे? जन्माचा दाखला नसला तर शाळा घेणार नाही, हे मलाही कळतं. तरी तू दुसरं नाव लिहू नकोस. अधिवेशन भरेपर्यंत मी इथून हलत नाही.

आणि लिहून टाकलं असशील, तर मला कळवू नकोस.

तिलेलीचा मामा,
बास्सू